ग्लाम्स कॅसल: भुतांसाठी नाही, त्या घरातल्या बायकांसाठी जा

आम्ही ॲबर्डीनला राहतो, त्यामुळे उन्हाळा आला की पाहुणे आलेच, आणि प्रत्येकाची यादी साधारण सारखीच असते, एडिंबरा कॅसल, लॉक नेस, स्काय, एखादी व्हिस्की डिस्टिलरी, झालं. हल्ली मी सगळ्यांना सांगते की यातलं काहीतरी एक कमी करा पण ग्लाम्स कॅसलला एक अख्खा दिवस द्या. यावेळी सासूबाई आल्या होत्या त्यांना घेऊन गेलो आणि तेव्हाच ठरवलं की यावर नीट सविस्तर लिहायचं, कारण नेटवर मराठीत काही सापडत नाही आणि इंग्रजीत जे सापडतं त्यात निम्म्याहून जास्त भुताखेतांच्याच गोष्टी.

आधी ठिकाण सांगते. डंडीच्या उत्तरेला साधारण २० किलोमीटरवर, फॉरफार गावाजवळ, अँगस नावाच्या भागात. दारापर्यंत ट्रेन नाही, ट्रेनने यायचं तर डंडीला उतरायचं आणि पुढे बस किंवा टॅक्सी. स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तर सगळ्यात बेस्ट. एडिंबराहून एका दिवसात चार ठिकाणं दाखवणाऱ्या मिनीबस टूर असतात त्या टाळा, माझी मावसबहीण अशाच एका टूरने फिरली होती, त्यांनी प्रत्येक ठिकाणी इतकं पळवलं की तिला नंतर कुठला फोटो कुठल्या कॅसलचा तेच आठवेना. ग्लाम्स तसं बघायचं ठिकाणच नाही.

आणि हा आपल्या डोक्यात असतो तसा डोंगरी किल्ला पण नाही हां. सपाटीवरचं राहतं घर आहे, गुलाबीसर वाळूच्या दगडाचं, वर टोकदार टोप्या घातलेले गोल बुरूज, आणि समोरून जवळजवळ मैलभर सरळ जाणारा झाडांचा रस्ता. त्या रस्त्याने गाडी आत शिरली की सगळे आपोआप गप्प होतात, आमच्या गाडीतले पण झाले. मालक अजून तेच घराणं आहे ज्याला हे १३७२ साली मिळालं. साडेसहाशे वर्षं एकच कुटुंब एकाच पत्त्यावर. मला वाटतं ही एकच गोष्ट तिकीट काढायला पुरेशी आहे.

घराणं लायन लोकांचं. मूळ पुरुष सर जॉन लायन, स्कॉटलंडचा राजा दुसरा रॉबर्ट याच्या पदरी होता, राजाने १३७२ मधे ग्लाम्सची जहागीर त्याला दिली आणि चार वर्षांनी, १३७६ मधे, आपली मुलगी जोआनाच त्याला दिली. हा दुसरा रॉबर्ट म्हणजे ज्याचे पुतळे स्कॉटलंडमधे जागोजागी दिसतात त्या रॉबर्ट द ब्रूसचा नातू, ब्रूसची मुलगी मार्जरी हिचा मुलगा. म्हणजे बघा, ब्रूसचं राज्य स्टुअर्ट घराण्याकडे गेलं ते एका मुलीमुळे आणि लायन लोकांच्या अंगात राजाचं रक्त आलं ते पण एका मुलीमुळे. जॉन लायन पुढे राज्याचा चेंबरलेन झाला, म्हणजे राजाच्या तिजोरीचा कारभारीच, आणि १३८२ मधे सर जेम्स लिंडसे नावाच्या दुसऱ्या सरदाराने त्याचा खून केला. दरबारात जावयाचं वजन वाढलं की पोटात दुखणारे असणारच. पण वंश टिकला, नातू पॅट्रिक १४४५ मधे लॉर्ड ग्लाम्स झाला, पुढे १६०६ मधे घराण्याला अर्ल ऑफ किंगहॉर्न ही त्याहून वरची पदवी मिळाली आणि नंतर तिला स्ट्रॅथमोर हे नाव जोडलं गेलं.

मॅकबेथचं काय हा प्रश्न टूरमधे कोणीतरी विचारतंच, आमच्याही ग्रुपमधे एका मुलाने विचारला. शेक्सपिअरने नाटकात मॅकबेथला ग्लाम्सचा थेन, म्हणजे सरदार, करून टाकलं त्यामुळे अर्धं जग इथे डंकन राजाचा खून कुठे झाला ते बघायला येतं, आणि आत डंकन्स हॉल नावाची एक अंधारी खोली आहे सुद्धा. खरा डंकन १०४० मधे इथून खूप उत्तरेला एल्गिनच्या जवळ मारला गेला, आणि खरा मॅकबेथ १०५७ ला संपला, लायन लोक तीनशे वर्षांनी आले. इथे खरंच कोणी राजा गेला असेल तर तो दुसरा माल्कम, १०३४ मधे, तेव्हा हा वाडा नव्हता, राजाचं शिकारीला येऊन राहायचं ठिकाण होतं. नाटक आवडत असेल तर बाहेर झाडीत मॅकबेथ ट्रेल आहे, लाकडात कोरलेले त्यातले लोक उभे केलेत, मुलांना तिथे सोडा, ती रमतात.

आता आतलं. गाईडबरोबर फिरवतात, साधारण तासभर, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, आणि आम्ही गेलो तेव्हा आत फोटोला बंदी होती जे मला खरंच आवडलं कारण सगळे ऐकत होते. सुरुवातीचा डायनिंग हॉल मोठा आहे, छान आहे, सिंहच सिंह सगळीकडे, नाव लायन असल्यावर दुसरं काय असणार. मग क्रिप्ट, दगडी भिंती इतक्या जाड की त्या भिंतीत अख्खी खोली लपलेली आहे असं लोक म्हणतात, तिथे अर्ल बिअर्डी नावाचा दाढीवाला सरदार सैतानाबरोबर कयामतपर्यंत पत्ते खेळतोय वगैरे. गोल जिना मात्र नीट बघा, मधला दगडी खांब पोकळ आहे आणि वरच्या घड्याळाची वजनं त्या पोकळीतून खाली येतात, चारशे वर्षांपूर्वी कोणीतरी हे डोकं लावलंय. पायऱ्या मात्र आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी घाई करायची नाही, सासूबाई भिंतीला धरून सावकाश चढल्या आणि कोणी डोळे वटारले नाहीत.

ड्रॉइंग रूमचं प्लास्टरचं छत १६२१ चं आहे, आणि तिथे तिसऱ्या अर्लचं, पॅट्रिकचं, मुलांसोबतचं भलंमोठं चित्र आहे. अंगाच्याच रंगाचं रोमन चिलखत घातलेला हा माणूस पहिल्यांदा बघितला की विचित्र वाटतो पण याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. याच्या बापाने त्या काळच्या धर्मयुद्धात, राजाच्या विरुद्ध बाजूच्या फौजेसाठी स्वतःचे पैसे ओतले आणि गडगंज घर कर्जात बुडवून तो गेला, तेव्हा हा पॅट्रिक अगदी लहान मूल होता. मोठा झाल्यावर याने काटकसर करून करून कर्ज फेडलं, पडीक झालेला वाडा परत उभा केला, १६७० मधे इथे राहायला आला आणि कशावर किती खर्च केला, कुठल्या कारागिराशी काय ठरलं होतं हे सगळं वहीत लिहून ठेवलं. ती वही अजून आहे. घर वाचवणारा माणूस तलवारवालाच असतो असं नाही, हिशोब लिहिणारा पण असतो.

त्यानेच डच चित्रकार याकोब द वेट याच्याकडून १६८८ मधे चॅपलचं छत आणि भिंती रंगवून घेतल्या. एडिंबराच्या होलीरूड पॅलेसमधे स्कॉटिश राजांची शंभरच्या वर चित्रं ज्याने काढली तोच हा द वेट. चॅपल लहानसंच आहे पण मान वर करून बसा जरा. येशू चक्क हॅट घालून उभा आहे, कारण पुनरुत्थानानंतर मेरी मॅग्डालीनला तो माळी वाटला हा प्रसंग आहे ना, म्हणून माळ्याची हॅट. आणि सेंट सायमनच्या नाकावर चष्मा! पहिल्या शतकातल्या संताला सतराव्या शतकातला चष्मा. सासूबाईंना तो चष्मा दाखवला तर त्यांनी स्वतःचा चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि मग कितीतरी वेळ त्याच्याकडेच बघत बसल्या.

या चॅपलमधे एक जागा कोणाला बसू देत नाहीत, ती ग्रे लेडीची म्हणतात. इथे सगळे पर्यटक गारवा जाणवतो का ते बघत असतात. मला त्या क्षणी खरंच वाईट वाटलं, कारण ती ग्रे लेडी म्हणजे जेनेट डग्लस अशी समजूत आहे आणि जेनेट डग्लस ही खरी बाई होती.

तिची गोष्ट सांगतेच. जेनेट ही सहाव्या लॉर्ड ग्लाम्सची बायको. तिचा भाऊ आर्किबाल्ड डग्लस, अर्ल ऑफ अँगस, राजा पाचव्या जेम्सचा सावत्र बाप, आणि त्याने लहानपणी या राजाला स्वतःच्या कब्जात डांबून ठेवलं होतं. १५२८ मधे राजा निसटला आणि डग्लस नाव असलेल्या प्रत्येकाच्या मागे लागला. भाऊ इंग्लंडला पळाला, बहीण इथेच. त्याच वर्षी नवरा वारला होता, आधी तिच्यावर आरोप केला की तूच नवऱ्याला विष दिलंस, तो टिकला नाही. मग राजालाच विष घालायचा कट केला म्हणून पकडलं, आणि १७ जुलै १५३७ ला एडिंबरा कॅसलच्या बाहेर टेकडीवर तिला जिवंत जाळलं. जादूटोण्याचं नाव तिच्याशी नंतर चिकटलं, शिक्षा राजद्रोहाची होती. मुलगा अजून सोळा-सतराचा, त्याला कैदेत टाकलं आणि राजा स्वतः इथे ग्लाम्सला येऊन राहिला, दरबार भरवले. १५४२ मधे राजा मेला तेव्हा कुठे मुलगा सुटला आणि जहागीर परत मिळाली. भावाचं भांडण, आणि जळली बहीण. एडिंबराला जाल तेव्हा कॅसलसमोरच्या त्या मोकळ्या पटांगणात सेल्फी काढायच्या आधी तिचं नाव आठवा, एवढंच म्हणेन.

इथून पुढे आम्हा दोघींची, म्हणजे सासूबाईंची आणि माझी, टूर जरा वेगळीच झाली. त्यांनी हळूच विचारलं, "या घरात मुलींना काय मिळायचं गं?" मी म्हटलं आई, इथे सगळं थोरल्या मुलाला, पदवी पण आणि जमीन पण, म्हणूनच तर वाटण्या न होता वाडा अखंड राहिला. त्या म्हणाल्या, "म्हणजे आणायचं सुनेने आणि न्यायचं मुलाने." बरोब्बर हेच आहे ग्लाम्स, मला इतके दिवस एका वाक्यात सांगता येत नव्हतं.

त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे मेरी एलेनॉर बोव्झ. इंग्लंडमधे डरहॅमकडच्या कोळशाच्या खाणींच्या मालकाची एकुलती एक मुलगी, देशातल्या सगळ्यात श्रीमंत वारसदारांपैकी एक. बापाने मृत्युपत्रात अट घातली की जो हिच्याशी लग्न करेल त्याने बोव्झ आडनाव लावायचं. नवव्या अर्लने १७६७ मधे तिच्या अठराव्या वाढदिवशी लग्न केलं आणि स्वतःचं पिढ्यान् पिढ्यांचं आडनाव बदललं, बोव्झ-लायन हे जोडनाव त्यातूनच पुढे आलं. कोळशाचा पैसा आला. नवरा १७७६ मधे पोर्तुगालला जाताना समुद्रातच वारला. आणि मग तिच्या आयुष्यात अँड्र्यू स्टोनी नावाचा माणूस आला, त्याने तिच्या अब्रूसाठी द्वंद्व लढून आपण मरणाच्या दारात आहोत असं नाटक केलं, मरणाऱ्या माणसाची शेवटची इच्छा म्हणून तिने १७७७ मधे लग्न केलं, आणि हा लग्नानंतर ठणठणीत बरा! तिने लग्नाआधी हुशारीने आपली मालमत्ता स्वतःच्या नावावर सुरक्षित ठेवणारा करार केला होता, तो त्याने मारून मुटकून रद्द करायला लावला. आठ वर्षं मारहाण, उपासमार, कोंडून ठेवणं. १७८५ मधे ती मोलकरणींच्या मदतीने पळाली आणि कोर्टात गेली, तर त्याने पुढच्या वर्षी भर दिवसा लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून तिला पळवून नेलं. तरी ती हटली नाही. १७८९ मधे घटस्फोट मिळवला. त्या काळात, जेव्हा बायकोचं सगळं नवऱ्याचंच असायचं, तेव्हा! आणि ही बाई नुसती श्रीमंत नव्हती, वनस्पतींचा अभ्यास करायची, दक्षिण आफ्रिकेतून झाडं गोळा करून आणायला तिने स्वतःच्या खर्चाने माणूस पाठवला होता. मला विचाराल तर अख्ख्या घराण्यात सगळ्यात धीराची माणूस हीच.

मधल्या काही गोष्टी पटकन सांगून टाकते. पाचवा अर्ल १७१५ मधे शेरिफम्यूरच्या लढाईत गादी गमावलेल्या स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने लढताना पडला, पुढच्या वर्षी जानेवारीत त्या गादीचा दावेदार जेम्स स्टुअर्ट इथे राहून गेला आणि आपलं घड्याळ उशाशी विसरला, ते एका मोलकरणीने नेलं आणि तिच्या वंशजांनी कित्येक वर्षांनी परत आणून दिलं असं सांगतात. विदूषकाचा रंगीबेरंगी पोशाख जपून ठेवलाय, स्कॉटलंडमधे घरचा विदूषक ठेवणारं हे शेवटचं घराणं. बाहेर बागेत सतराव्या शतकातलं सूर्यघड्याळ आहे, एकाच खांबावर चौऱ्याऐंशी तबकड्या, ते चुकवू नका.

रॉयल अपार्टमेंट्समधे सगळे ज्यासाठी येतात ती एलिझाबेथ बोव्झ-लायन. दुसऱ्या एलिझाबेथ राणीची आई, म्हणजे आत्ताच्या चार्ल्स राजाची आजी. चौदाव्या अर्लच्या दहा मुलांपैकी नववी. पहिल्या महायुद्धात या वाड्याचं जखमी सैनिकांसाठी विश्रांतीचं हॉस्पिटल केलं होतं, पोरवयातली एलिझाबेथ सैनिकांची पत्रं लिहून द्यायची, त्यांच्याबरोबर पत्ते खेळायची, आणि १९१५ मधे तिचा भाऊ फर्गस लूसच्या लढाईत गेला. १९२३ मधे वेस्टमिन्स्टर ॲबेत लग्नाला आत जाताना तिने आपला पुष्पगुच्छ अनाम सैनिकाच्या थडग्यावर ठेवला, तो फर्गससाठी. तिची धाकटी मुलगी मार्गारेट याच वाड्यात २१ ऑगस्ट १९३० ला जन्मली. तेव्हा नियम असा की राजघराण्यातल्या बाळंतपणाला गृहमंत्री हजर पाहिजे, तर बिचारे क्लाइन्स साहेब आधीच येऊन जवळच्याच कॉर्टाची (Cortachy) नावाच्या कॅसलवर वाट बघत बसले होते. आणि जन्माच्या नोंदीचा नंबर १३ येत होता म्हणून नोंद करायला मुद्दाम काही दिवस उशीर केला!

आपला संबंध इथे येतो. ही एलिझाबेथ १९३६ मधे राणी झाली आणि ती हिंदुस्थानची शेवटची सम्राज्ञी. आजीच्या डब्यात राजाछाप रुपये असतील तर त्यातले सहाव्या जॉर्जचे जे आहेत तो हिचा नवरा. १९३७ च्या राज्याभिषेकाला तिच्यासाठी जो मुकुट बनवला त्याच्या समोरच्या बाजूला कोहिनूर बसवलाय, १८४९ मधे पोरवयाच्या दुलीप सिंगाकडून घेतलेला, आणि तो मुकुट आज टॉवर ऑफ लंडनमधे आहे. २००२ मधे ती १०१ वर्षांची होऊन गेली तेव्हा तो तिच्या शवपेटीवर ठेवला होता. खोली सुंदर आहे, मी नाही म्हणत नाही, पण सासूबाई त्या खोलीत जरा ताठ उभ्या राहिल्या आणि मला ते कळलं.

पण मला त्या खोल्यांमधे जे सगळ्यात जास्त आवडलं ते म्हणजे पलंगाची झालर. एलिझाबेथची आई सेसिलिया हिने पलंगाच्या छतावर स्वतःच्या हाताने भरतकाम केलंय आणि त्यात आपल्या दहाही मुलांची नावं भरलीत. दहाही. थोरली व्हायोलेट अकरा वर्षांची असताना १८९३ मधे घटसर्पाने गेली, एलिझाबेथने तर तिला बघितलं पण नव्हतं, तरी तिचं नाव आहे. आई मोजताना गेलेलं मूल वगळत नाही. मी त्या झालरीखाली उभी राहून एकेक नाव शोधत होते आणि त्यात जॉन हे नाव पण होतं.

जॉन म्हणजे एलिझाबेथचा मोठा भाऊ. त्याला मुली झाल्या, त्यातल्या दोघी, १९१९ ची नेरिसा आणि १९२६ ची कॅथरीन, जन्मापासून मतिमंद होत्या, बोलता येत नव्हतं. बाप १९३० मधे वारला. १९४१ मधे या दोघींना सरे परगण्यातल्या रॉयल अर्ल्सवुड हॉस्पिटलमधे ठेवलं आणि १९६३ च्या बर्क्स पीअरेजमधे, म्हणजे इथल्या सरदार घराण्यांच्या वंशावळीच्या ग्रंथात, दोघी मेल्या असं छापून आलं. दोघी जिवंत होत्या. नेरिसा १९८६ मधे गेली, आणि पुढच्या वर्षी पेपरवाल्यांनी हे बाहेर काढलं तेव्हा लोकांना कळलं की दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या दोन सख्ख्या मामेबहिणी इतकी वर्षं तिथे होत्या. कॅथरीन २०१४ पर्यंत जगली. त्या काळी अशी मुलं संस्थेत ठेवणं बऱ्याच घरात चालायचं, ते मी समजू शकते. पण जिवंत मुलीच्या नावापुढे मरणाचं साल लिहिणं मला समजत नाही, आणि कोणी समजावू पण नये.

आता गंमत अशी की ग्लाम्सची सगळ्यात गाजलेली दंतकथा कोणती, तर लपवलेल्या वारसाची. १८२१ मधे त्या वेळच्या लॉर्ड ग्लाम्सला पहिला मुलगा झाला आणि त्याच दिवशी गेला अशी नोंद आहे, त्यावरून लोकांनी रचलं की तो विद्रूप होता म्हणून गुप्त खोलीत आयुष्यभर कोंडला, मग पाहुण्यांनी खिडक्याखिडक्यांतून टॉवेल लटकवून मोजले तर एक खिडकी बिनटॉवेलची निघाली वगैरे वगैरे. दीडशे वर्षं लोक ही गोष्ट चघळतायत. त्या काळात खरोखरच दोन मुली नजरेआड होत्या आणि त्यांना शोधायला कोणी टॉवेल लटकवले नाहीत. म्हणून मी म्हणते भुतांचं सोडा. ज्यांना हे माहीत आहे त्यांनी त्या झालरीखाली जरा जास्त वेळ थांबा.

बाग मोठी आहे, इटालियन गार्डन सेसिलियानेच १९१० च्या सुमारास करून घेतलेलं, ऊन असेल तर तिथे डबा खायला छान. खायचं म्हणाल तर आत रेस्टॉरंट आहे, जुन्या स्वयंपाकघरात, स्कोन आणि सूप मिळतं, शाकाहारी माणसाचं भागतं. फॉरफारला गेलात तर ब्रायडी सगळीकडे दिसेल, आकाराने अगदी आपली करंजी, पण आत बीफ असतं, त्यामुळे न खाणाऱ्यांनी आधी विचारा, वरच्या पापुद्र्याला एक भोक असेल तर कांदा नाही आणि दोन असतील तर कांदा घातलाय अशी खूण असते. गिफ्ट शॉप ठीक, शॉर्टब्रेड आणि टार्टन सगळीकडे मिळतं तेच.

रेटिंग द्यायचंच तर ५ पैकी पूर्ण ५. हिवाळ्यात बंद असतं आणि कधीकधी कार्यक्रमांसाठी पण बंद ठेवतात तेव्हा वेबसाइट बघूनच निघा. दहा वर्षांखालची मुलं घरात कंटाळतील, एकाने मुलांबरोबर बाहेर राहा आणि दुसऱ्याने आत जा, मग अदलाबदल करा. वयस्कर लोकांना नक्की न्या पण सावकाश. आणि जायच्या आधी जेनेट डग्लस आणि मेरी एलेनॉर या दोघींबद्दल थोडं वाचून जा, गाईडना प्रश्न विचारले की ते खुलतात, आमच्या गाईडबाई मेरी एलेनॉरचं नाव काढल्यावर ग्रुप पुढे गेला तरी मागे थांबून बोलत राहिल्या.

आणि कोणी स्कॉटलंडहून गाडीने लंडनकडे खाली जाणार असेल तर वाटेत डरहॅम परगण्यात बार्नर्ड कॅसल गावी बोव्झ म्युझियम लागतं तिथे थांबा, ते याच गोष्टीचं पुढचं प्रकरण आहे. मेरी एलेनॉरचा थोरला मुलगा, दहावा अर्ल, याला मेरी मिलनर नावाच्या साध्या घरातल्या बाईपासून जॉन हा मुलगा होता, आणि अर्लने तिच्याशी लग्न केलं ते मरायच्या आदल्या दिवशी, जुलै १८२० मधे. कोर्टात भांडण झालं, स्कॉटलंडची पदवी आणि ग्लाम्स धाकट्या भावाकडे गेलं, ज्याच्या वंशात पुढे एलिझाबेथ आली, आणि आजीच्या कोळशाची इंग्लंडमधली इस्टेट या जॉनला मिळाली. त्याने आणि त्याची फ्रेंच नटी बायको जोसेफिन हिने आपला सगळा पैसा चित्रं आणि वस्तू जमवण्यात घातला आणि लोकांसाठी हे म्युझियम बांधायला घेतलं, १८९२ मधे ते उघडलं तेव्हा दोघंही हयात नव्हते. तिथे अठराव्या शतकातला चांदीचा यांत्रिक हंस आहे, मान वळवून मासा पकडतो, तो त्या दिवशी चालवणार आहेत का आणि कधी ते पोचल्याबरोबर आधी विचारून घ्या.